वरची तुकडी की नेहमीचा वर्ग?

26 डिसेंबर 2007. नाताळच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या शिक्षण खात्यातल्या नागरी हक्क कार्यालयाने देशभरातल्या शाळांसाठी एक पत्र काढलं. खाली सही होती सहायक सचिव स्टेफनी मनरो यांची. अपंगत्वाची नोंद असलेल्या हुशार मुलांना काही शाळा वरच्या पातळीच्या वर्गांत बसूच देत नाहीत, अशा तक्रारी कार्यालयाकडे आल्या होत्या. काही शाळा बसू देत होत्या, पण अट घालून. वरचा वर्ग हवा ना, मग परीक्षेतला जादा वेळ आणि मदतनीस यांवर पाणी सोडा! पत्राने दोन्ही गोष्टी बेकायदा ठरवल्या. जो विद्यार्थी एरवी त्या वर्गाला पात्र आहे त्याला अपंगत्वापायी अडवता येणार नाही, आणि वर्गात घेताना त्याच्या हक्काची मदतही काढून घेता येणार नाही.

त्या अटीमागची समजूत शाळांपुरती नव्हती, आजही नाही. 'एवढा हुशार आहे तर मदत कशाला?' आणि 'मदत लागते तर हुशार कसला?' हे दोन प्रश्न शिक्षक विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि दमलेले आईवडीलही कधीमधी स्वतःलाच विचारतात. ऑटिझम असलेलं, म्हणजे स्वमग्न, पण एखाद्या विषयात वयाच्या कितीतरी पुढे असलेलं मूल या दोन प्रश्नांच्या कात्रीत सापडतं. अमेरिकेत आठवी संपत आली की त्याच्या घरी पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म येतो. गणित वरच्या पातळीचं घ्यायचं की नेहमीचं? इंग्रजी? विज्ञान? इतिहास? घरात चर्चा मात्र एकाच वाक्यात अडकते: 'याला झेपेल का?'

हे मूल अपवादात्मक आहे, पण दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, पाहणी झालेल्या भागांत आठ वर्षांच्या दर 31 मुलांमागे एकाला ऑटिझम आहे. ज्यांच्या बुद्धिमापनाची नोंद उपलब्ध होती त्यांतल्या सुमारे 40 टक्के मुलांचा बुद्ध्यांक 70 किंवा त्याखाली होता. उरलेली मोठी संख्या त्याच्या वर आहे, आणि त्यांतली काही बरीच वर आहेत. अशा मुलांसाठी तिकडे 'ट्वाइस एक्सेप्शनल', थोडक्यात 'टू-ई', असा शब्दप्रयोग रूढ आहे. एकाच मुलाच्या फाइलवर दोन शिक्के: असामान्य क्षमता आणि अपंगत्व.

तुकडी नव्हे, वेळापत्रक

महाराष्ट्रातल्या शाळेत 'अ' तुकडी म्हटलं की अख्खं मूल त्या तुकडीत जातं. गणितही 'अ'चं, मराठीही 'अ'चं आणि सहलही 'अ'ची. अमेरिकन हायस्कूलची रचना निराळी आहे. नववी ते बारावीच्या चार वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याचं वेळापत्रक स्वतंत्र असतं आणि दर तासाला तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. एकच विषय तिथे दोन-तीन पातळ्यांवर शिकवला जातो. नेहमीचा वर्ग, त्याच्या वर ऑनर्स, आणि त्याच्याही वर ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट ऊर्फ एपी. काही ठिकाणी शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एखादा विषय घेण्याचीही सोय असते.

एपीचा कारभार कॉलेज बोर्ड ही संस्था 1955 पासून पाहते. अभ्यासक्रम कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा, परीक्षा मे महिन्यात, गुण 1 ते 5. 3 किंवा त्याहून जास्त मिळाले तर अनेक कॉलेजं तो विषय पुन्हा घ्यायला लावत नाहीत. शिवाय पुष्कळ शाळांत गुणपत्रिकेवर एपीच्या 'ए'ला जादा वजन असतं. साध्या वर्गातल्या 'ए'चे 4 धरले, तर एपीतल्या 'ए'चे 5. कॉलेज प्रवेशासाठी धडपडणाऱ्या घरांत हा एक अंक फार मोठा होऊन बसतो आणि मुलासाठी योग्य वर्ग कोणता हा प्रश्न मागे पडतो.

ही विषयवार रचना टू-ई मुलाच्या पथ्यावर पडणारी आहे. भौतिकशास्त्र वरच्या वर्गात आणि इंग्रजी नेहमीच्या वर्गात, असं वेळापत्रक तिथे कुणाला विचित्र वाटत नाही. तरीही पालक आणि काउन्सेलर बोलायला बसले की विषय बाजूला राहतात आणि मुलावर सरसकट शिक्का बसतो: हा 'एपीवाला' आहे किंवा नाही.

बुद्धीचा आलेख खाचखळग्यांचा

सरसकट शिक्का या मुलांना का लागू पडत नाही, हे त्यांच्या चाचण्यांच्या निकालांत दिसतं. बुद्धिमापनाच्या वेक्सलर चाचणीत अनेक उपचाचण्या असतात. बहुतेक मुलांचे गुण त्यांत थोडेफार पुढेमागे असतात. स्वमग्न मुलाच्या आलेखात मात्र कडा आणि दरी शेजारी शेजारी असू शकतात. नमुने ओळखणं, तर्क लढवणं यांत तो शंभरातल्या पहिल्या दोघांत, आणि चिन्हं भराभर उतरवण्याच्या साध्या कामात सरासरीच्याही खाली. यांची बेरीज करून सरासरी काढली की मधलाच एखादा आकडा हाती येतो. तो ना त्याच्या ताकदीबद्दल सांगतो, ना अडचणीबद्दल.

मॉन्ट्रियलच्या मिशेल डॉसन, लॉरन मोट्रॉन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 38 स्वमग्न मुलांच्या दोन चाचण्यांची तुलना प्रसिद्ध केली. एक होती वेक्सलर, तिच्यात तोंडी प्रश्नोत्तरं बरीच. दुसरी रेव्हनची आकृत्यांची चाचणी, तिच्यात बोलावं लागत नाही, अपुऱ्या नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखायचा असतो. त्याच मुलांची क्रमवारी रेव्हनमध्ये सरासरीने तब्बल 30 शतमक वर गेली. कुठल्या खिडकीतून पाहिलं यावर मूल किती हुशार दिसतं हे ठरत होतं.

आयोवा विद्यापीठातलं बेलिन-ब्लँक केंद्र हुशार मुलांच्या शिक्षणावर काम करतं. तिथल्या सुझन असोलीन, मेगन फोली-निकपॉन आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या प्रज्ञावान मुलांच्या शालेय यशाचा अभ्यास 2012 मध्ये मांडला. कार्यस्मृती, म्हणजे चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता, आणि माहिती हाताळण्याचा वेग, या दोन बाबींचा गणित, वाचन आणि लेखनातल्या यशाशी संबंध दिसून आला. वर्गातल्या भाषेत सांगायचं तर मुलाला धडा कळलेला असतो, पण फळ्यावरचं उतरवून घेता घेता तास संपतो. उत्तर माहीत असतं, ते चार परिच्छेदांत मांडता मांडता वेळ संपते. गृहपाठ केलेला असतो आणि दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला असतो.

उलटही घडतं. इंग्लंडमधल्या 14 ते 16 वर्षांच्या 100 स्वमग्न मुलांच्या पाहणीत जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांच्या वाचनात किंवा गणितात निदान एक बाब अशी सापडली, की जी त्यांच्या बुद्ध्यांकावरून बांधलेल्या अंदाजाच्या बरीच वर किंवा बरीच खाली होती. बुद्ध्यांक पाहून वर्ग ठरवणं यामुळेच धोक्याचं ठरतं. पाहायला हवी ती त्या त्या विषयातली आजची तयारी.

दोन कार्यालयं, एक मूल

अमेरिकन कायद्याची रचनाच अशी, की ही दोन शिक्क्यांची मुलं दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडतात. अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला योग्य आणि मोफत शिक्षण देण्याचा केंद्रीय कायदा 1975 मध्ये आला. 1990 मध्ये त्याचं नाव 'आयडिया' झालं आणि ऑटिझम त्यात स्वतंत्र गट म्हणून आला. या कायद्याखाली मुलाचा 'आयईपी' बनतो. वर्षाची उद्दिष्टं, मिळणारी मदत आणि ती देणारी माणसं यांचा तो लेखी करार. ज्यांना विशेष शिक्षण नको पण सवलती हव्यात, त्यांच्यासाठी 1973 च्या पुनर्वसन कायद्याचं कलम 504 आहे.

प्रज्ञावान मुलांसाठी असा हक्काचा केंद्रीय कायदा नाही. 1988 चा जॅव्हिट्स कायदा आहे, पण तो संशोधनाला आणि प्रकल्पांना अनुदान देतो, मुलाला हक्क देत नाही. बाकी सगळं राज्यांवर आणि जिल्ह्यांवर सोडलेलं. परिणामी, अपंगत्वाची बाजू पाहणारे शिक्षक एका बैठकीत बसतात, वरच्या वर्गांचे प्रवेश पाहणारे दुसऱ्या, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडेलच असं नाही.

'गुण तर चांगले आहेत, मग आयईपी कशाला?' हे वाक्य पालकांना हमखास ऐकायला मिळतं. कायद्याखालच्या नियमांत याचं स्पष्ट उत्तर आहे. मूल नापास झालेलं नाही, वर्गामागून वर्ग पुढे सरकतं आहे, एवढ्यावरून त्याची पात्रता नाकारता येत नाही. चांगल्या गुणांमागे रोज रात्री अकरापर्यंत शेजारी बसणारी आई असेल, तर ते गुण शाळेच्या सोयींचा पुरावा होत नाहीत.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक बाब पक्की केली. कोलोरॅडोतल्या एंड्र्यू एफ. या स्वमग्न मुलाच्या आयईपीत वर्षानुवर्षं जवळपास तीच उद्दिष्टं उतरवली जात होती. चौथीनंतर आईवडिलांनी त्याला खासगी शाळेत घातलं आणि जिल्ह्याविरुद्ध दाद मागितली. नावापुरती प्रगती झाली की शाळेची जबाबदारी संपली, असं खालच्या न्यायालयाचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने फेटाळलं. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालानुसार मुलाचा कार्यक्रम त्याच्या परिस्थितीला साजेसा आणि पुरेसा महत्त्वाकांक्षी हवा, त्याला आव्हान पेलण्याची संधी मिळायला हवी. तो खटला वरच्या वर्गाचा नव्हता. तरी ज्याचं गणित वर्गाच्या दोन इयत्ता पुढे आहे त्याच्या पालकांना या निकालाचा आधार वाटतो तो याच शब्दांमुळे.

मिसिसिपीचा डोनाल्ड, न्यू हॅम्पशरची टेम्पल

ऑटिझमच्या वैद्यकीय इतिहासातला पहिला रुग्ण म्हणून ज्याची नोंद आहे, तो डोनाल्ड ट्रिपलेट 1933 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावात जन्मला. बाल्टिमोरचे मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना वडिलांनी त्याच्याबद्दल 33 पानांचं पत्र पाठवलं होतं. कॅनर यांच्या 1943 च्या गाजलेल्या निबंधातल्या 11 मुलांत डोनाल्ड पहिला. आकड्यांचं त्याला विलक्षण वेड होतं.

लहानपणी काही वर्षं तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. मोजमापाच्या नादात रमलेल्या या मुलाला त्यांनी विहिरीची खोली मोजायला लावलं. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करू लागला, तेव्हा त्यांना पुरायला एक जागा देऊन प्रत्येकावर पाटी लावायला सांगितली. शेत नांगरताना त्याने मक्याच्या ओळी मोजाव्यात, यालाही त्यांची ना नव्हती. खेड्यातल्या शाळेनेही त्याच्या तऱ्हा चालवून घेतल्या. पुढे तो गावातल्या साध्या हायस्कुलात गेला, 1958 मध्ये मिलसॅप्स कॉलेजातून फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला आणि बँकेत नोकरीला लागला. गाडी चालवली, गोल्फ खेळला, जगभर हिंडला. 2023 मध्ये, 89 व्या वर्षी त्याचं निधन झालं.

कॅनर यांनी 1971 मध्ये त्या 11 जणांचा पुन्हा शोध घेतला. जी मुलं सरकारी संस्थांत कायमची ठेवली गेली होती, त्यांची अवस्था वाईट होती. डोनाल्ड सर्वांत चांगलं जगणाऱ्यांपैकी होता. त्याच्या वाट्याला खास प्रज्ञावंतांचा वर्ग आला नव्हता. आला होता तो नेहमीचा वर्ग आणि त्याला सामावून घेणारं गाव. हे गाव काढून घेतलं तर उरतो तो फक्त नेहमीचा वर्ग, आणि तेवढ्याने काही साधलं असतं असं मानायला आधार नाही.

टेम्पल ग्रँडिन यांची कहाणी दुसऱ्या वाटेची. 1947 मध्ये बॉस्टनमध्ये जन्म. चिडवणाऱ्या मुलीला पुस्तक फेकून मारलं म्हणून 14 व्या वर्षी शाळेतून काढून टाकलं. मग न्यू हॅम्पशरमधल्या एका लहान निवासी शाळेत प्रवेश. तिथेही सुरुवातीला अभ्यासापेक्षा घोड्यांच्या तबेल्यातच जास्त वेळ गेला. बीजगणित त्यांना कधीच जमलं नाही, कारण त्यांचा विचार चित्रांतून चालतो आणि एक्स-वायचं चित्र काही त्यांच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं.

कलाटणी दिली विज्ञानाचे शिक्षक विल्यम कार्लॉक यांनी. मावशीच्या ॲरिझोनातल्या रँचवर टेम्पल यांनी गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहिला होता. त्यात गुरं शांत होतात हे हेरून त्यांनी स्वतःसाठी तसंच दाबयंत्र बनवलं. शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांना ते खूळ वाटलं. कार्लॉक यांनी मात्र सुचवलं की दाबामुळे शांत का वाटतं हे शोधायचं तर शास्त्रीय नियतकालिकं वाचायला शीक. एका वेडाच्या दोरीला धरून ही मुलगी ग्रंथालयात पोचली. 1989 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने त्यांना पशुविज्ञानात डॉक्टरेट दिली. गुरं हाताळण्यासाठी त्यांनी आखलेल्या रचना अमेरिकेतल्या कत्तलखान्यांत आणि पशुपालन केंद्रांत सर्रास वापरल्या जातात, आणि कोलोरॅडो राज्य विद्यापीठात त्या प्राध्यापक आहेत.

बीजगणिताची पायरी ओलांडल्याशिवाय पुढे जाऊ न देणाऱ्या पद्धतीवर ग्रँडिन आजही कडाडून टीका करतात. भूमितीत चमकू शकणारी मुलं बीजगणिताच्या दारातच अडवली जातात, हा त्यांचा मुद्दा आहे. आजच्या एखाद्या शाळेत असत्या, तर 'आधी मूलभूत गणित पक्कं कर, वागणूक सुधार, मग विज्ञानाचा वरचा वर्ग' हे उत्तर त्यांनाही मिळालं असतं. कच्च्या विषयासाठी पक्का विषय ओलीस ठेवण्याची ही पद्धत अजून मोडलेली नाही.

वर्गाच्या नावापेक्षा वर्गातलं काम

मग निवड करायची कशी? पहिली गोष्ट, 'वरचा वर्ग' नावाची एकच वस्तू अस्तित्वात नाही. एपी कॅल्क्युलसमध्ये उत्तर बरोबर किंवा चूक असतं, पायऱ्या ठरलेल्या असतात आणि काम बहुतांशी एकट्याने करायचं असतं. एपी इंग्लिश लँग्वेजच्या परीक्षेत तीन निबंध लिहावे लागतात. लेखकाला काय सुचवायचं होतं, वाचकावर त्याने कशी छाप पाडली, हे ओळखण्यावर त्यात भर असतो. एपी सेमिनारमध्ये तर गटाने मिळून प्रकल्प आणि सादरीकरण करणं हा गुणांचाच भाग आहे. ज्याला गटात काम करताना कोण कधी बोलणार हेच उमगत नाही, त्याच्यासाठी हे तीन 'एपी' म्हणजे तीन वेगळी जगं आहेत.

दुसरी गोष्ट, नेहमीचा वर्ग म्हणजे विश्रांती हा गैरसमज. आधीच येत असलेलं तिसऱ्यांदा ऐकत पन्नास मिनिटं शांत बसणं हे कुठल्याही मुलाला अवघड असतं. ज्याला ट्यूबलाइटची गुणगुण आणि खुर्च्यांची करकर आधीच सतावते, त्याला तर ते फारच जड जातं. अशा मुलाने तासाला मध्येच उठून फिरावं, शिक्षकांच्या चुका काढाव्यात, टेबलाखाली दुसरंच पुस्तक वाचावं, की लगेच 'वागणुकीचा प्रश्न' अशी नोंद होते. त्या नोंदीच्या आधारे त्याला वरच्या वर्गापासून आणखी लांब ठेवलं जातं. नेहमीच्या वर्गात गोंगाट आणि शिस्तीच्या कटकटी जास्त असतील, तर अभ्यास सोपा असूनही दिवस अवघड जातो. वरच्या वर्गात आपल्यासारखंच एखाद्या विषयाचं वेड असलेला मित्र भेटण्याची शक्यताही असते. मैत्री जिथे दुर्मीळ, तिथे याचं मोल मार्कांपेक्षा कमी नाही.

तिसरी गोष्ट, ओझं. एक एपी झेपला म्हणजे चार झेपतील असं होत नाही. या मुलांना अडतं ते बहुधा विषय समजण्यात नव्हे, तर विषय सांभाळण्यात. कुठलं काम कधी द्यायचं, मोठ्या प्रकल्पाचे तुकडे कसे पाडायचे, एका कामातून उठून दुसऱ्याला कसं लागायचं. प्रत्येक वरच्या वर्गाबरोबर ही व्यवस्थेची कामं वाढतात. शाळेत दिवसभर 'नॉर्मल' दिसण्यासाठी ताकद खर्च करून घरी आलेल्या मुलाच्या हाती संध्याकाळी किती उरतं, याचा हिशेब पालकांनी करायचा असतो. पहिल्या वर्षी सर्वांत आवडीचा एकच विषय वरच्या पातळीवर, बाकी नेहमीचे, आणि दिवसाच्या मध्यावर एक मोकळा किंवा मार्गदर्शनाचा तास, हे वेळापत्रक दिसायला साधं असतं आणि टिकतं.

चौथी गोष्ट, शिक्षक. गृहपाठाच्या सूचना तोंडी देणारा शिक्षक आणि त्याच सूचना फळ्यावर लिहून ऑनलाइनही टाकणारा शिक्षक, यांच्या वर्गांत या मुलाचं वर्ष पूर्णपणे वेगळं जातं. पूर्वकल्पना न देता उभं करून प्रश्न विचारण्याची सवय, उशिरा आलेल्या कामाला शून्य देण्याचा नियम, गट कसे पाडले जातात, हे सगळं प्रवेशाआधी विचारता येतं. वर्गात जाऊन एक तास बसण्याची परवानगी अनेक शाळा देतात.

सवलतींचंही गणित नीट मांडावं लागतं. आयईपीत जादा वेळ लिहिला आहे म्हणून एपीच्या परीक्षेत तो आपोआप मिळत नाही. कॉलेज बोर्डाची वेगळी मंजुरी लागते आणि मे महिन्यातल्या परीक्षेसाठी तिचा अर्ज आधीच्या हिवाळ्यातच करावा लागतो. आणि जादा वेळ हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नाही. सव्वातीन तासांच्या कॅल्क्युलसच्या परीक्षेला दीडपट वेळ मिळाला की ती पावणेपाच तासांच्या वर जाते. गोंगाटाने थकणाऱ्या मुलाला त्याऐवजी छोटी खोली आणि जादा विश्रांती जास्त उपयोगी पडू शकते. ज्याचा हात अक्षर वळवताना अडतो त्याला कळफलक. तीसऐवजी दहाच गणितं सोडवून संकल्पना समजल्याचं दाखवता येत असेल, तर गृहपाठ कमी करून घेणं ही सवलतही रास्त आहे. तिने अभ्यासक्रमाची पातळी खाली येत नाही.

मदतीचा वरच्या वर्गाशी मेळ घालता येतो, हे दाखवणाऱ्या शाळा बऱ्याच वर्षांपासून आहेत. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत हुशार पण शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीचे वर्ग 1980 च्या दशकापासून चालतात. लॉस एंजलिसमध्ये ब्रिजेस अकॅडमी ही खास टू-ई मुलांची शाळा 1994 मध्ये सुरू झाली. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत 2003 पासून 'नेस्ट' कार्यक्रम आहे. त्यात मोजकी स्वमग्न मुलं आणि इतर मुलं एका लहान वर्गात बसतात आणि शिक्षक दोन असतात. तिन्ही ठिकाणी तत्त्व एकच: अभ्यासाची उंची मुलाच्या ताकदीप्रमाणे, मदत त्याच्या अडचणीप्रमाणे. एकीसाठी दुसरी कापायची नाही.

याची निकड कॉलेजच्या आकड्यांत दिसते. अमेरिकेतल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीच्या आधारे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॉलेजात गेलेल्या स्वमग्न तरुणांपैकी सुमारे 34 टक्क्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित निवडल्याचं आढळलं. सर्वसाधारण विद्यार्थ्यांत हेच प्रमाण 23 टक्क्यांच्या आसपास होतं. पण मुळात कॉलेजपर्यंत पोचलेले स्वमग्न तरुण जेमतेम एक तृतीयांश. आवड होती, वाट अर्ध्यातच तुटत होती.

इकडे आणि तिकडे

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हा पेच नवा नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात 'यंदा किती एपी?' हा प्रश्न हवापाण्याच्या गप्पांसारखा विचारला जातो. 'अ' तुकडीत वाढलेल्या आईवडिलांना एक विषय वरचा आणि एक नेहमीचा ही व्यवस्था कमीपणाची वाटते. काहींना आयईपीचा कागद मुलाच्या नावाला लागलेला डाग वाटतो. कॉलेजच्या प्रवेशअर्जात हा कागद जोडावा लागत नाही, आणि एपीच्या गुणांवर सवलतीची खूण छापली जात नाही, एवढी माहिती असली तरी बरीच भीती कमी होते.

भारतात प्रश्नाचं रूप वेगळं आहे. इथे बहुतेक शाळांत विषयवार पातळ्यांचे वेगळे वर्ग नसतात, तिथली एपीची जागा शाळेबाहेरच्या ऑलिम्पियाडच्या आणि फाउंडेशनच्या क्लासेसनी घेतली आहे. कायदा मात्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला आणि मान्यताप्राप्त अपंगत्वांची संख्या 7 वरून 21 झाली. ऑटिझम त्यांत आहे. अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं या कायद्याच्या 17 व्या कलमात लिहिलेलं आहे. मूल हुशार असेल तर यातलं काही मिळणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तेव्हा विषयांचा फॉर्म एडिसनमध्ये भरायचा असो की क्लासचा पुण्यात, काही गोष्टी पालकांनी हट्टाने कराव्यात. प्रत्येक विषयासमोर वेगळं उत्तर लिहावं. कोणती मदत मिळणार हे त्याच बैठकीत कागदावर घ्यावं. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा भेटण्याची तारीख ठरवावी आणि वर्ग बदलण्याची शेवटची मुदत कधी आहे हे विचारून ठेवावं, म्हणजे निवड चुकली तरी वर्ष वाया जात नाही. आणि सही करण्यापूर्वी तो कागद मुलासमोर ठेवावा. कुठल्या खोलीत त्याचं डोकं दुखतं आणि कुठल्या तासाची तो वाट पाहतो, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाही सांगता येणार नाही.